डोळ्यांनी ऐकायची घंटा

विषय : श्री. मुळे, राहणार आनंद नगर, भोपाळ, यांना दारावरची घंटा वाजल्याचे डोळ्यांनी कळण्याबाबत.
संदर्भ : त्यांच्या कन्येचा निर्वाणीचा फोन.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, नोकरीत असताना माझ्या टेबलावर फायली साचत, निवृत्तीनंतर किस्से साचतात. फाइल निदान दुसऱ्याच्या टेबलावर सरकवता यायची. किस्सा सरकवायला आता मुळ्यांशिवाय कोणी उरलेलं नाही. पण मुळ्यांना ऐकू येत नाही, आणि बहुतेक किस्से त्यांचेच आहेत.

*

मुळे कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते, मी आस्थापना विभागात कारकून. पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरांत दोघांची नोकरी सरली, मग आनंद नगरात एकाच गल्लीत घरं बांधली. वहिनी गेल्यापासून मुळे एकटे राहतात.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी मेधा पुण्याहून न कळवता आली. पाऊण तास घंटा दाबत राहिली. शेवटी रडत माझ्याकडे धावली आणि आम्ही मागच्या दाराची कडी तोडली. मुळे स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते.

मेधा त्यांच्या कानाशी ओरडली, "बाबा, इतका वेळ घंटा वाजतेय, काही वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं ना," मुळे म्हणाले. "हल्ली कोणी येतच नाही, असं वाटलं."

*

कानाचं मशीन नाही असं नाही. मेधानेच आणून दिलं आहे, चांगलं आहे, कपाटात आहे. का लावत नाही, असं मी एकदा चिठ्ठीवर लिहून विचारलं. त्यांच्याशी सगळा व्यवहार चिठ्ठ्यांनीच चालतो.

मुळे म्हणाले, "लावून पाहिलं. त्यात सगळंच ऐकू येतं."

पुण्याला परतल्यावर मेधाचा मला फोन आला. घंटा वाजलेली ज्याला कळत नाही तो माणूस एकटा राहू शकत नाही, होळीनंतर मी बाबांना घेऊन जाणार, असं तिने सांगितलं. मी तसं चिठ्ठीवर लिहिलं, मुळ्यांनी ते वाचलं. मग म्हणाले, "तिचं घर पंधराव्या मजल्यावर आहे. तिथे माझ्या ओळखीचं एक झाडसुद्धा नाही."

*

तोडगा श्रीवास्तवजींनी काढला. हे कारखान्यातले निवृत्त टेक्निशियन, मागच्या गल्लीत राहतात. त्यांचं म्हणणं, टाळी वाजवली की दिवा लागतो असं एक किट मिळतं, ते घंटेशेजारी टांगायचं. घंटा वाजली की खोलीत दिवा लागेल आणि मुळ्यांना कळेल.

किट आलं. डब्यावर लिहिलं होतं : नवशिक्यांसाठी, वय आठ वर्षे व पुढे. वयाची अट तरी आम्ही तिघांनी भरघोस पूर्ण केली होती.

माल मोजून घेण्याचं काम अर्थातच मुळ्यांकडे. यादीप्रमाणे तेवीस नग, प्रत्यक्षात बावीस. एक रेझिस्टर कमी. मुळ्यांनी तीनदा मोजलं आणि माल परत पाठवा म्हणाले. मी कंपनीला पत्र लिहिलं, स्मरणपत्राचा मसुदाही करून ठेवला. चौथ्या दिवशी माझ्या बायकोला, सुमनला, तो रेझिस्टर मुळ्यांच्या स्वेटरच्या बाहीत अडकलेला दिसला.

मुळ्यांनी तो हातात घेऊन नीट पाहिला. "हा आपलाच कशावरून?" ते म्हणाले.

*

सोल्डरिंगला आपण मराठीत डाग देणं म्हणतो. त्याला लागणाऱ्या कथलाच्या तारेला श्रीवास्तवजींच्या हिंदीत म्हणतात रांगा. ती तार संपली तेव्हा त्यांनी मुळ्यांसाठी चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत दोनच शब्द होते : बाज़ार. रांगा.

आठवडा गेला, तार काही आली नाही. श्रीवास्तवजी वैतागले. मी मुळ्यांना विचारलं तर त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढून दाखवली.

"यांनीच लिहिलंय, बाजारात रांगा आहेत म्हणून. म्हटलं, गर्दी ओसरली की जाऊ."

श्रीवास्तवजींना हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. त्यानंतर ते चिठ्ठीत चित्रं काढू लागले.

*

काम आमच्या जेवणाच्या टेबलावर चाले. तारेतली राळ जळून धूर होई. सुमन एकदा दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "देवापुढे धूप घालायला सांगितलं तर यांचे गुडघे दुखतात."

पहिला डाग मी दिला. श्रीवास्तवजींनी चष्मा कपाळावर चढवून तो निरखला. मग बोर्ड हलकेच खाली ठेवला.

"ये सरकारी जोड़ है, बाबूजी," ते म्हणाले. "दिखता है, चलता नहीं।"

नोकरीतल्या माझ्या सगळ्या वर्षांचा इतका नेमका गोपनीय अहवाल कोणत्याही साहेबाने लिहिला नव्हता.

खुद्द श्रीवास्तवजींचा हात आता थरथरतो. मग डाग द्यायची इस्त्री मुळ्यांच्या हातात दिली. ज्या माणसाने जन्मभर नग मोजण्यापलीकडे काही केलं नाही, त्याचा हात दगडासारखा स्थिर निघाला. एकामागून एक चकचकीत डाग पडत गेले. श्रीवास्तवजी बघत राहिले आणि म्हणाले, "यह हाथ स्टोर में सड़ गया।"

"काय म्हणतात?" मुळ्यांनी मला विचारलं.

मी चिठ्ठी लिहिली : हात चांगला आहे, म्हणतात. उरलेला मजकूर कार्यालयीन प्रत म्हणून माझ्याकडे ठेवला.

*

किट मुळ्यांच्या घंटेशेजारी टांगलं, दिवा लागला. फक्त घंटेने लागावा, एवढं त्या आठ वर्षांच्या किटला कळत नव्हतं. तो कुकरच्या शिट्टीने लागे, शेजारच्या सक्सेनाजींच्या शिंकेने लागे, आणि सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीने तर विझायचंच नाव घेत नसे. मुळे दर वेळी उठून दार उघडत.

आठवड्याभरात कचरागाडीवाल्याला या घरी चहा मिळायला लागला. मी म्हटलं, यंत्रात दोष आहे, श्रीवास्तवजींना दाखवू या. मुळ्यांनी चिठ्ठी वाचून घडी केली.

"कशाला?" ते म्हणाले. "बरा चाललाय."

*

होळी जवळ आली तशी मुळ्यांनी मला मेधाच्या नावे अर्ज लिहून द्यायला सांगितलं. फोनवर ती काय बोलते ते यांना कळत नाही, आणि समोर आली की हे काही बोलत नाहीत. मी लिहिलं : अर्जदार हा स्वतःच्या घरी दिव्याच्या साहाय्याने घंटा ओळखण्यास सक्षम झाला असून, सबब त्यास भोपाळ येथेच राहू देण्याची कृपा व्हावी. मुळ्यांनी वाचलं, सही केली, आणि सहीखाली सवयीने हुद्दा लिहायला गेले. थांबले. मग तिथे 'बाबा' असं लिहिलं.

मेधाचं उत्तर माझ्या मोबाइलवर आलं : काका, मी प्रत्यक्ष येऊन बघते.

ती शनिवारी सकाळी आली. मी आत मुळ्यांबरोबर बसायचं, तिने बाहेरून घंटा दाबायची, असं ठरलं होतं. मुळे इस्त्रीचा शर्ट घालून दिव्याच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

घंटा वाजली. दिवा लख्ख लागला. मुळ्यांनी पाहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले नाहीत.

पुन्हा घंटा. पुन्हा दिवा. मी त्यांच्या दंडाला हात लावून दाराकडे बोट दाखवलं.

"दिसला मला," मुळे म्हणाले. "वाजवू दे अजून."

तिने वाजवली. एकदा, दोनदा, मग नुसतं बोट दाबून धरलं. मुळे दिव्याकडे बघत बसून होते. मग उठले, शर्ट खाली ओढून सारखा केला आणि दार उघडलं.

मेधाच्या हातात मोबाइल होता. त्यावर ती वेळ मोजत होती. "चार मिनिटं, बाबा," ती म्हणाली.

"ये," मुळे म्हणाले. "चहा टाकतो."

तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काका, दिवा लागला होता?"

"लागला होता."

"बाबांनी पाहिला?"

"पाहिला."

तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि आत आली. दोन दिवस राहिली आणि एकटीच परत गेली. होळी होऊन गेली. मी दोनदा चौकशी केली, दोन्ही वेळा 'बघते' असं उत्तर आलं. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.