लॅपटॉपचं नाव मी बदललं नाही

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. आमच्याकडे शेवटचं लांबलचक काही लिहिलं गेलं ते नळाच्या कनेक्शनसाठी ग्रामपंचायतीला दिलेला अर्ज. म्हणून मी लिहायला बसले की आधी वाटतं, हे सांगण्यासारखं आहे का? पण या गोष्टीपुरतं मी मनाशी ठरवलं होतं की ती लिहायचीच.

बाबा आगरदांड्याच्या जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. मी अलिबागला कॉम्प्युटर शिकते, मैत्रिणींबरोबर खोलीवर राहते आणि शनिवारी एसटीने घरी येते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने, एकट्याने किंवा गटात, जावा भाषेत एक प्रोजेक्ट करायचा होता. माझा प्रोग्रॅम बोटीच्या इंजिनाबद्दल प्रश्न विचारायचा. धूर काळा येतो का पांढरा? इंजिन थंड असताना बंद पडतं का तापल्यावर? उत्तरं दिली की आधी काय तपासायचं ते तो सांगायचा. त्यातला जावा माझा होता. इंजिन सगळं बाबांचं. लहानपणापासून मी त्यांना नट फिरवायचे पाने आणि चिंध्या देत बसायचे, तेव्हा ऐकलेलं.

हा प्रोग्रॅम मी साध्या नोटपॅडमध्ये लिहिला, डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवला आणि कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवत आले. महिनोन्‌महिने नीट चालला. मग सरांनी सांगितलं, परीक्षेला सगळ्यांनी प्रोजेक्ट आयडीईमध्येच दाखवायचा. आयडीई म्हणजे कोड लिहायचं, चालवायचं आणि चुका शोधायचं एक मोठं सॉफ्टवेअर. मी ते टाकलं, त्याने आपणहून स्वतःची जागा, म्हणजे एक फोल्डर, केली, मी त्यात माझा प्रोजेक्ट आणला. गुरुवारी लॅबमध्ये सर माझ्या मागे उभे राहिले आणि मी बटण दाबलं.

तांबड्या अक्षरांत एकच ओळ आली: मुख्य क्लास सापडत नाही. मुख्य क्लास म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती फाइल.

"फाइल समोर दिसतेय ना?" सर म्हणाले.

"दिसतेय सर."

"मग ह्याला का दिसत नाही?"

"काळ्या खिडकीत चालत होतं सर."

"हो, घरी सगळ्यांचंच चालतं." मागच्या बाकांवर हसू फुटलं. सरांनी कोड वरखाली करून वाचला. "हे तूच लिहिलंयस ना? नाही, विचारतो आपलं. डिझेल इंजिनचं इतकं बारीक तुला कुठून माहीत?"

माझे वडील इंजिनं दुरुस्त करतात, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोललेच नाही. मी नुसतं "लिहिलंय सर" म्हणाले आणि तेही इतक्या हळू की मलाच खोटं वाटलं.

सर वाईट नाहीत. ते म्हणाले, "असं कर, त्या तिघांचं लायब्ररीचं प्रोजेक्ट चालतंय. त्यात तुझं नाव घालतो. पुढच्या शुक्रवारी परीक्षा घ्यायला बाहेरच्या मॅडम येणार, त्यांच्यासमोर हे असलं नको."

"नको सर."

मी आयुष्यात पहिल्यांदाच शिक्षकांना नको म्हणाले होते. सरांनाही ते नवीन असावं.

"बरं. मग शुक्रवारी चाललं नाही तर शून्य. माझ्याकडे रडत यायचं नाही."

पुढचे दोन दिवस मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. जावा, म्हणजे ती भाषा चालवणारं सॉफ्टवेअर, काढून टाकला, परत टाकला. कोणीतरी म्हणालं जुना घे, तो घेतला. कोणीतरी म्हणालं नवा घे, तोही घेतला. जावा कुठे आहे हे मशिनला सांगणारी पाथची ओळ बदलली, मग ती परत बदलली. आयडीई उडवून पुन्हा बसवला. शेवटी मशिनवर तीन जावा झाले. एक प्रोग्रॅम बांधायचा, दुसराच तो चालवायला जायचा, आणि नव्याने बांधलेलं जुन्याला ओळखता येईना. आता डी ड्राइव्हवर जे चालत होतं तेही चालेना. पहिली चूक तशीच, वर माझी एक.

शनिवारी मी बॅगेसकट जेटीवरच गेले. बाबा एका ट्रॉलरच्या इंजिनखोलीत कमरेपर्यंत उतरले होते. वर तांडेल, म्हणजे ती बोट समुद्रात नेणारे, विडी ओढत बसले होते.

"बाय, तोंड का उतरलंय?" बाबा आतूनच म्हणाले.

मी सांगितलं. जावा त्यांना काय कळणार असं मला वाटलं नाही, कारण त्यांनी जावाबद्दल विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "काय काय केलंस आतापरेंत?"

मी यादी सांगितली.

"मदी मदी चालवून बघितलंस?"

"नाही. सगळं करून मग बघितलं."

बाबांनी पाना खाली ठेवला. "पाच नट एकदम ढिले केलेस. आता बोलतेस, कुठला ढिला व्हता ता कलत न्हाय."

"डिझेल टाकून बघ बाय त्यात," तांडेल म्हणाले. "नायतर चार धक्के मार."

"तुमच्या इंजिनाला धक्केच मारलेत तुम्ही," बाबा म्हणाले, "म्हनून मी हितं हाय."

इंजिनखोलीच्या लाकडी झाकणावर बाबा खडूने लिहितात. प्रत्येक वेळी एक ओळ: काय बदललं, मग काय झालं. तीन ओळींच्या वर जाऊन त्यांना सापडलं नाही तर ते थांबतात, झाकणावर बसतात आणि वरपासून वाचतात. लहानपणी मला वाटायचं, त्यांना आठवत नाही म्हणून लिहितात. त्यांनी मला खडूचा अर्धा तुकडा दिला.

"आधी चालत व्हतं तसं परत आन. मग एकच गोष्ट बदल. नि बिगाड सापडला वाटलं तर तो परत करून बघ. परत करता आला तर सापडला. न्हायतर नुसता पलाला तो, उद्या येल."

रविवारी सकाळी मी ओटीवर बसले. लॅपटॉप मांडीवर, खडू हातात, लिहायला आईची पापड वाळत घालायची जुनी फळी. दोन जावा काढून टाकले, एक ठेवला. डी ड्राइव्हवर काळ्या खिडकीत चालवलं. चाललं. ओळ पहिली. आयडीईमध्ये चालवलं. नाही. ओळ दुसरी. मग प्रोजेक्ट आयडीईच्या जागेतून उचलून डी ड्राइव्हवर ठेवला आणि त्याच आयडीईमध्ये उघडला. चाललं. परत जुन्या जागी ठेवला. नाही.

म्हणजे चूक जावात नव्हती, आयडीईत नव्हती, माझ्या कोडमध्येही नव्हती. जागेत होती. मग त्या जागेत असं काय होतं?

जावाला स्वतःची सगळी माहिती छापायला लावणारी एक आज्ञा असते. ती दिली. लांबच लांब यादी आली. त्यात माझ्या मुख्य फोल्डरची ओळ होती, ज्यात लॅपटॉपच्या खात्याचं नाव असतं. आयडीईने आपली जागा ह्याच फोल्डरच्या आत केली होती. त्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची एक रांग होती, बाकी काही नाही.

हे नाव कुठून आलं ते सांगायला हवं. लॅपटॉप जुना, दुसऱ्याचा वापरलेला घेतला होता. घरी आला तेव्हा आईने पाटावर ठेवून हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नवं खातं उघडताना मी माझं नाव इंग्रजीत टाकत होते, तर बाबा म्हणाले, "बोटीला बोटीचं नाव असतं. चालवनाऱ्याचं नसतं." आजोबांची होडी मोडली तेव्हा तिच्या पुढच्या टोकाची नाव लिहिलेली फळी काढून आमच्या दारावर ठोकलेली आहे. दर वर्षी तिला रंग लागतो, पण अक्षरं त्याच जागी, तशीच गिरवतात. एकदा ठेवलेलं नाव पुसायचं नाही, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. मी कळफलक मराठी केला आणि दारात उभी राहून, फळीकडे बघत, एकेक अक्षर शोधून ते नाव खात्याला दिलं. बाकी मुलं आपल्या खात्याला स्वतःचं नाव देतात, तेही इंग्रजीत. म्हणून हा बिघाड वर्गात फक्त माझ्याकडे होता.

बाबांची शेवटची अट राहिली होती. डी ड्राइव्हवर मी एक नवा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं 'मासळी', मराठीत. प्रोजेक्ट त्यात टाकला. तांबडी ओळ आली. फोल्डरचं नाव इंग्रजीत केलं. चाललं. परत मराठी, परत तांबडी. मी हे पाच-सहा वेळा केलं. आई म्हणाली, "एकदा चाललं ना, मग सारखं मोडतेस का?"

पडद्यावर मला ते नाव स्वच्छ दिसत होतं. पण आयडीई जेव्हा जावाला पत्ता सांगायचा तेव्हा माझ्या मशिनवर मराठी अक्षरं वाटेत गळून पडत आणि जावाच्या हातात प्रश्नचिन्हं येत. मग तो बिचारा प्रश्नचिन्हांच्या गावाला जाऊन माझा क्लास शोधत होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. गुरुवारपासून मी धरून चालले होते की चूक माझीच असणार. आमच्यासारखी मुलं तशीच वागतात. मशीन अडलं की आपण अडाणी, इंग्रजी ओळ कळली नाही की आपण अडाणी. आणि इथे एवढ्या मोठ्या, जगभर चालणाऱ्या गोष्टीला आमच्या दारावरची एक फळी वाचता येत नव्हती.

सोमवारी सरांना फळीवरच्या खडूच्या ओळी वहीत उतरवून दाखवल्या. त्यांनी खरंच लक्ष देऊन वाचल्या.

"हां, हे होतं कधीकधी. नवीन युजर बनव, इंग्लिश नाव दे. दहा मिनिटांचं काम."

"प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर ठेवला की चालतंय सर. नाव नाही बदलणार."

"तुम्हा लोकांना मशिनचं बारसं करायची हौस. अगं, ते यंत्र आहे."

"बोट पण यंत्रच असते सर."

हे बोलून मी घाबरले. सर हसले, पण मान हलवत.

बुधवारी सरांचं खरं ठरायची वेळ आली. प्रोग्रॅम सुरू झाला, प्रश्न विचारले, आणि उत्तरं साठवायच्या वेळी कोसळला. सर शेजारीच होते. "बघ. हट्टाचं असं होतं." मी वही काढली, नवी ओळ लिहिली आणि वरपासून वाचत आले. साठवणारा भाग मी मंगळवारीच नवा घातला होता; तो काही तात्पुरत्या फायली बनवतो, आणि तात्पुरत्या फायलींचा फोल्डर परत त्याच नावाखाली होता. तीच प्रश्नचिन्हं. तो फोल्डर डी ड्राइव्हवर करून दिला. एकच बदल. चाललं. दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला मी आठवडा लावला, हे मला मान्य आहे. तरी नाव बदललं नाही.

शुक्रवारी बाहेरच्या मॅडम आल्या. माझा प्रोग्रॅम नीट चालला. धुराचे प्रश्न त्यांनी उलटसुलट उत्तरं देऊन तपासले. मग सर थोडं हसत म्हणाले, "मॅडम, हिच्या लॅपटॉपचं नाव मराठीत आहे. त्यामुळे आठवडाभर नाटक चाललं होतं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "काय बिघडलं होतं?"

तोंडाने सांगायला गेले असते तर अडखळले असते. मी म्हणाले, "दाखवू का?" आणि चालणारा प्रोजेक्ट त्यांच्यासमोर उचलून मराठी नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. सर पुढे झाले, "अगं, काय करतेस?" मी बटण दाबलं. तांबडी ओळ आली. प्रश्नचिन्हांची रांग काढून दाखवली. प्रोजेक्ट परत जागेवर ठेवला, चालवला. क्रम चुकला नाही.

"शोधायची ही पद्धत कुठे शिकलीस?" मॅडमनी विचारलं.

"माझे वडील बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. ही पद्धत त्यांची आहे. प्रोग्रॅममधलं इंजिनचं सगळं त्यांचंच आहे. कोड माझा आहे." आठ दिवस बोलायचं राहिलेलं सगळं मी एकदम बोलले. मागच्या बाकांवर कोणी हसलं नाही, किंवा मला ऐकू आलं नाही.

मॅडमनी प्रोजेक्टच्या वहीचं पहिलं पान उघडलं. "मग इथे त्यांचे आभार का नाहीत?" मी तिथल्या तिथे पेनाने, मराठीत, बाबांचं नाव लिहिलं. सरांनी खाली सही केली.

दोन आठवड्यांनी सरांनी मला बोलावलं. खालच्या वर्गातल्या एका मुलीने लॅपटॉपवर असंच मराठी नाव टाकून प्रोजेक्टचा फोल्डर केला होता आणि तिचंही काही चालत नव्हतं. म्हणाले, तुझ्या पायऱ्या एका कागदावर लिही, लॅबच्या भिंतीवर लावू. मी लिहिल्या. एका वेळी एकच बदल, मध्ये चालवून बघा, बिघाड परत करून बघा, असं सगळं. सरांनी वाचलं.

"सगळ्यात वर एक ओळ टाक. नाव इंग्रजीतच द्यावं."

"ती तुम्ही टाका सर."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. कागद परत वरपासून वाचला. मग पेन परत खिशाला लावलं आणि चिकटपट्टी मागितली.