सुभद्राबाई आणि तीन अक्षरं

पडदा वर जातो आणि दिसतो सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या मराठी मंडळाचा गणपतीचा मांडव. साल एकोणीसशे शहाण्णव. मांडवाच्या भिंती डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, डाग पडलेल्या साड्यांच्या. एक जांभळी, एक पोपटी, एक अशा रंगाची की तिला नाव द्यायचं धाडस मिलमालकालाही झालं नसतं. वर दिव्यांच्या माळा, कोपऱ्यात घरघरणारा पंखा, आणि गणपतीच्या शेजारी मुख्य नटाच्या ऐटीत उभा असलेला काळा फळा. फळ्यावर पांढऱ्या रंगाने आखलेलं भलंमोठं शब्दकोडं. समोर सतरंजीवर, बायकांच्या पहिल्या रांगेत, पदराचं टोक दातांत धरून सुभद्राबाई बसल्या आहेत. त्यांना सगळी उत्तरं येतात, आणि त्यांना तोंड उघडायची मनाई आहे!

सुभद्राबाई शिरपूरकडच्या. नवरा इथल्या डाईंग मिलमध्ये लागला तशा त्याच्या मागोमाग आल्या आणि सुरतेच्याच झाल्या. शिक्षण म्हणाल तर चौथी. दिवसभर मांडीवर साडी आणि बोटांवर डिंक, म्हणजे साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम. पण सकाळचं पाणी भरून झालं की बाई तडक मंडळाच्या वाचनालयात. वाचनालय कसलं, एक खोली, एक बाक आणि खानदेशातून गाडीने येणारा एक मराठी पेपर. सुरतेला पोचेपर्यंत तो शिळा झालेला असे, पण शब्दकोडं कधी शिळं होतं का?

तिथे पेपरवर पेन टेकवायला बंदी होती, कारण पेपर सगळ्यांचा. म्हणून सुभद्राबाई कोडं पाठ करून आणत. घरी आल्या की स्टीलच्या ताटात टिकल्या मांडायच्या. सापडलेल्या अक्षराला सोनेरी, न सापडलेल्याला चंदेरी. साडी मांडीवर, ताट शेजारी, आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकीला प्रश्न: “ए उषा, थांब ना. जातं फिरवतांना हातात काय धरतस? दोन अक्षरी सांग.” शेजारच्या उषाबाई त्यांच्याच गावच्या. त्या म्हणायच्या, “माय, माझी भाजी करपली तुझ्या दोन अक्षरांपायी!” दोन वर्षांपूर्वी, प्लेगच्या साली, सगळी वस्ती गावी पळाली होती. परत आल्यावर लोकांनी आधी घराची कुलपं पाहिली. सुभद्राबाईंनी पेपर सुरू झाला का ते पाहिलं.

आणि त्याच पेपरवर त्या वर्षी संक्रांत आली. मंडळाचा चिटणीस छगन, परभणीकडचा, लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, मास्तर. मोठा सज्जन माणूस, पण त्या दिवशी खाली मान घालून म्हणाला, “मावशी, समितीचं ठरायलंय. मराठी पेपर बंद, गुजराती चालू. पोरं सगळी गुजरातीच वाचायलीत.”

“अन् मी? मी वाचस ना रे! मी माणूस नही का?”

“एकट्या तुम्हीच वाचता, हेच तर अध्यक्ष म्हणायलेत.”

सुभद्राबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. ताटात टिकल्या मांडल्या आणि नुसत्या बघत बसल्या. छगनचं मन खाऊ लागलं, म्हणून त्यानेच समितीत तोड काढली. गणपतीत मोठं शब्दकोडं मांडायचं. आरतीच्या आत पब्लिकने ते पुरं भरलं, तर पेपर चालू. एकही घर रिकामं राहिलं, तर बंद. “पण मावशी,” तो हात जोडून म्हणाला, “तुम्ही गप्प बसायचं. बाकीचेही वाचणारे हायत, हे दिसायला नको का? फारच अडलं तर मी तुमच्याकडं बघीन.”

म्हणून तो पदर दातांत.

खेळ सुरू झाला. छगन खडू परजून गरजला, “लग्नात मध्ये धरतात, पाच अक्षरी!” सुभद्राबाईंनी पदर आणखी घट्ट चावला. आणि मग मागून, चक्क लूमवरच्या पोरांतून आवाज आला, “अंतरपाट!” त्यांनी गर्रकन मागे वळून पाहिलं. ज्या पोराला त्यांनी आयुष्यात गुजराती गाण्यांखेरीज काही गुणगुणताना ऐकलं नव्हतं, तो!

“उन्हाळ्यात खाटेवर वाळवतात, चार अक्षरी!”

“पापड!” एक पुरुष ओरडला.

“मोज आधी, मोज!” बायकांनी त्याला झोडपलं. “अन् वाळवल्यात का कधी? नुसत्या खाल्ल्यात! कुरडया!”

मांडव पेटला. घरामागून घर भरत गेलं. सुभद्राबाईंचा जीव दर उत्तरागणिक हलका होत होता. अध्यक्ष आरतीचं ताट हातात घेऊन उभे राहिले तेव्हा फळ्यावर एकच आडवा शब्द उरला होता. तोही छगनने मुद्दाम शेवटी ठेवलेला, अगदी लहान पोरांसाठी. मधला ‘रु’सुद्धा ‘रुमाल’मधून आयता मिळालेला.

“वायुपुत्र! तीन अक्षरी!”

कोणी बोलेना.

म्हणजे झालं असं, की एक चिमुरडी बोलणारच होती, पण उषाबाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी शेजारणीला कोपर मारलं, तिने पुढचीला. हां हां म्हणता सगळ्या बायकांचे डोळे एकाच जागी खिळले, आणि खानदेशी पुरुषांच्या मिशांखाली हसू फुटायला लागलं. कारण सुभद्राबाईंच्या नवऱ्याला सारी वस्ती बापू म्हणत असली, तरी गावाकडच्यांना त्यांचं खरं नाव ठाऊक होतं. मारुती! आणि सुभद्राबाईंनी ते नाव लग्नानंतर एकदाही उच्चारलं नव्हतं. मारुतीच्या देवळाला त्या ‘शेंदराचं देऊळ’ म्हणत, आणि मारुती गाडीला ‘ती छोटी मोटार’.

छगन बिचारा परभणीचा, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. “अरे, काय झालं तुम्हाला? लंका कोणी जाळली? द्रोणागिरी कोणी आणला?”

मांडवभर खसखस. अध्यक्षांनी कापूर ठेवला. “चला छगन, वेळ झाली.”

आता सुभद्राबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. “उषे,” त्या कुजबुजल्या, “सांग ना वं! पेपर जाईन मन्हा!”

“माले काय म्हाईत?” उषाबाई साळसूदपणे म्हणाल्या. “मी कुठं पेपर वाचस?”

छगनने कपाळावरचा घाम पुसला आणि ठरल्याप्रमाणे पाहिलं. “मावशी, आता तुम्हीच!”

पुरुषांच्या रांगेत बापू, नखांत मिलचा निळा रंग, मान खाली घालून बसले होते. पण कान मात्र टवकारलेले. काडी पेटली. कापराला लागणार, एवढ्यात सुभद्राबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, आणि आयुष्यात कधी चढला नव्हता एवढा आवाज चढवून म्हणाल्या,

“उभे भरले, आडवे भरले, एक जागा राहिली रिती,
पेपर बंद करू नका हो, नाव घेते, मारुती!”

काय तो जल्लोष! ढोलवाल्याने आरतीची वाट न बघता काठी हाणली. छगन आधी बावचळला, मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, त्याने शेवटची घरं भरली आणि तो खडूसकट टाळ्या पिटू लागला. अध्यक्षांची काडी बोटाला चटका देऊन विझली, तरी ते हसतच होते. “चालू ठेवा रे पेपर,” ते म्हणाले, “हे सोडवायला गुजराती पेपर काय कामाचा?”

तेवढ्यात बापू उठले. चेहरा लालबुंद, पण हसू दोन्ही कानांपर्यंत. “माले ऐकू नही उनं!” ते ओरडले. “परत एकदा!”

सुभद्राबाई फळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ऐकू नही उनं तर तठे वाची ल्या! अन् छगन, उद्याचा पेपर पहिले माले!”