काकांच्या हातून गेलेलं क्रियापद

कोशाच्या कचेरीत सगळेच त्यांना काका म्हणत. साहेबसुद्धा म्हणत, आणि साहेब त्यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान होते. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत देणारा एक जाडजूड कोश तिथे सव्वीस वर्षं तयार होत होता. काम सुरू झालं तेव्हा काकांच्या डोक्यावर दाट केस होते. आता केस गेले होते आणि कोश 'एफ'पर्यंत आला होता.

कामाची रीत ठरलेली. बाहेरची वाचक मंडळी वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, कोर्टाचे निकाल, हाताला लागेल ते वाचायची आणि शब्द भेटला की ते वाक्य कार्डावर उतरवून पाठवायची. एका कार्डावर एक वाक्य. शब्दाची पाळी आली की त्याच्या कार्डांची लाकडी पेटी कोणा एकाच्या टेबलावर जायची. त्याने कार्डं पसरायची, सारख्या वाक्यांचे ढीग करायचे, एक ढीग म्हणजे एक अर्थ, आणि मग नोंद लिहायची. लिहिणाऱ्याची आद्याक्षरं नोंदीखाली छापत. दुसरं कोणी ती नोंद तपासायचं, त्याला म्हणायचे 'दुसरी नजर'. दुसऱ्या नजरेचं नाव मात्र कुठे म्हणजे कुठे छापत नसत.

बारीकसारीक शब्द कोणीही लिहावेत, पण मोठी क्रियापदं काकांची. 'ब्रेक' त्यांनी केलं, 'कॅरी' केलं, 'ड्रॉ'ने तर त्यांचे सात महिने खाल्ले. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि 'फाइट' यायचं होतं. 'फाइट' करतो आणि मगच घरी बसतो, असं त्यांनी भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. बायकोलाही सांगितलं होतं.

ती म्हणाली, "त्याला कार्डं कशाला हवीत? मला विचारा की. तीस वर्षांचा अनुभव आहे."

आणि एका सोमवारी 'फाइट'ची पेटी धाकटीच्या टेबलावर गेली.

धाकटी म्हणजे कचेरीतली वयाने सगळ्यांत लहान बाई. दोन वर्षांपूर्वी टायपिंगला आली होती. साहेबांनी काकांना आत बोलावून सांगितलं, "काका, 'फील' तिने फार सुरेख केलं. म्हटलं, हेही तिलाच देऊ. तुम्ही दुसरी नजर."

"उत्तम, उत्तम," काका म्हणाले. बाहेर येऊन पाण्याचा अख्खा पेला एका दमात रिकामा केला.

आता तुम्ही म्हणाल, एका शब्दापायी एवढं काय? असं म्हणणाऱ्याने सव्वीस वर्षं एका खुर्चीत बसून बघावं. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. खिडकीजवळचं टेबल तिचं, हे त्यांना दोन वर्षांत कधी खुपलं नव्हतं, ते आता खुपायला लागलं. शिपाई चहा आधी तिला देतो, हे दिसायला लागलं. कार्ड वाचता वाचता ती मध्येच खुदकन हसायची. ती हसली की काकांची लेखणी थांबायची. कामात हसण्यासारखं काय असतं?

एकदा ती त्यांच्याकडे आली. "काका, आग लागली की इंग्रजीत माणसं आगीशी 'फाइट' करतात. आपण काय म्हणायचं? आग विझवतात, की आगीशी झुंजतात?"

काकांना उत्तर येत होतं. पण ते म्हणाले, "बघ बाई, नोंद तुझी आहे."

तिने सरळ अग्निशामक दलाला फोन लावला. पाच मिनिटांत परत आली. "ते म्हणतात, आम्ही झुंजतोच. विझवली असं विझल्यावर म्हणायचं." सगळी कचेरी खूश झाली. साहेब दारात येऊन वा म्हणून गेले. सव्वीस वर्षांत काकांना फोन उचलायचं कधी सुचलं नव्हतं, आणि ते त्यांना चांगलंच झोंबलं.

त्यानंतरच्या गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, धाकटी डबा धुवायला खाली गेली. काका नुसतं बघायला म्हणून तिच्या टेबलापाशी गेले. ढीग नीट लावलेले होते. भावंडं खेळण्यावरून भांडतात तो एक, निवडणूक लढवतात तो एक, आजाराशी झगडतात तो एक. एकही कार्ड चुकीच्या ढिगात नव्हतं, आणि ते बघून त्यांना जास्तच राग आला. क्रियापदापुढे 'बॅक', 'ऑफ' असं शेपूट लागलेली वाक्यं पेटीत मागच्या बाजूला असतात. तिथवर ती पोचली नव्हती. काकांनी तिथे हात घातला. रडू आवरण्याची, झोप थोपवण्याची, हसू दाबण्याची नऊ कार्डं निघाली. अख्ख्या शब्दातला सगळ्यांत नाजूक अर्थ. तो त्यांनी कोटाच्या खिशात घातला, पेटी पुन्हा दोरीने बांधली आणि जागेवर येऊन बसले.

बेत सोपा होता. नोंद तपासायला आपल्याकडेच येणार. आपण साहेबांसमोर चष्मा पुसत म्हणायचं, "बाकी सगळं ठीक आहे, पण आवरण्याचा अर्थ कुठे गेला?" मग साहेब म्हणतील, काका, हे तुम्हीच करायला हवं होतं. पेटी परत काकांच्या टेबलावर येईल, नोंदीखाली त्यांची अक्षरं येतील. कार्डं काय, कोपऱ्यात पडलेली सापडली म्हणून सांगता येईल.

घरी बायकोने कोट झटकला तशी कार्डं खाली पडली. तिने एक उचलून वाचलं. इंग्रजी वाक्याखाली वाचकाने आपल्या भाषेत लिहिलं होतं, 'तिने रडू आवरलं आणि पाहुण्यांना चहा दिला.'

"हे माझ्याकडे बघून कोणी लिहिलंय?" ती म्हणाली. काकांनी कार्डं गोळा करून पुन्हा खिशात घातली.

तीन आठवड्यांनी नोंद त्यांच्या टेबलावर आली. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि लाल पेन्सिल हातात घेतली. पहिल्या अर्थात खोट सापडेना. दुसऱ्यात नाही. आगीचा अर्थ तर असा उतरला होता की तो आपण लिहायला हवा होता, असं वाटून त्यांचा जीव कळवळला. सातव्या अर्थापाशी आले आणि थांबले. तिथे नुसता आकडा होता. खाली चार ओळींची जागा कोरी, आणि कडेला बारीक अक्षरांत काकांची आद्याक्षरं.

ते उठून तिच्या टेबलापाशी गेले. "हे काय आहे?"

धाकटीने मान वर केली. हळू आवाजात म्हणाली, "पेटीच्या झाकणात आत तीनशे बारा लिहिलंय. माझ्याकडे तीनशे तीन भरली. रडू आवरल्याचं एकही नाही."

काम संपलं की कार्डं मोजून झाकणातल्या आकड्याशी ताडायचा नियम काकांनीच घालून दिला होता. पण जुन्या मंडळींनी मोजणं केव्हाच सोडलं होतं, आणि तो नियम अजून कोणी पाळत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि दोरीला दोन गाठी होत्या," ती म्हणाली. "दोन गाठी तुम्हीच मारता. मला वाटलं, निदान तो एक अर्थ तुम्हाला स्वतः लिहायचा असेल. मागायला अवघड वाटलं असेल. मी साहेबांना विचारलंय, एका नोंदीखाली दोघांची अक्षरं चालतात म्हणाले. कार्डांचं मी काही सांगितलं नाही."

तिने चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याशी भांडता येतं. हिच्याशी काय करायचं?

त्यांनी तो अर्थ लिहिला. सगळं आयुष्य ज्यात गेलं ते काम जीव ओतून केलं. 'आतून उसळून येणारं रडू, हसू किंवा झोप बळाने रोखणे.' आता दुसरी नजर धाकटी होती. तिने दोनदा वाचलं, विचारून एकच शब्द बदलला. 'बळाने'च्या जागी 'निकराने' घातला. काकांनी ओळ पुन्हा वाचली. ओळ आता कुठे पुरी झाली होती, आणि तो शब्द त्यांना सुचला नव्हता.

छापलेलं पान आलं तेव्हा ते त्यांनी घरी नेलं. बायकोने खालची अक्षरं बोटाने शोधली, आधी धाकटीची, मग काकांची, आणि सगळी हकीकत विचारून घेतली. काकांनी खिशापासून गाठींपर्यंत सगळं सांगून टाकलं.

बायकोने ते पान जपून कपाटात ठेवलं. मग म्हणाली, "चांगली आहे हो पोर."

"आहे," काका म्हणाले. तेच तर त्यांना सहन होत नव्हतं.