तीन घोडे, दहा दिवस आणि एक थालीपीठ

जुलैत दहा दिवसांची रजा टाकली तेव्हा लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या माझ्या मैत्रिणींनी विचारलं, "ग्रीस की पोर्तुगाल?" म्हटलं, "नॉरफक, श्रॉपशर, ग्लॉस्टरशर. घोड्यांच्या लॉरीतून." त्या खो खो हसल्या. मला हसू आलं नाही. या दहा दिवसांत एक घोडा राहणार की जाणार, ते ठरणार होतं.

इंग्लंडातच जन्मलेली माझी मुलगी सई कॉव्हेंट्रीजवळच्या तबेल्यात राहते आणि इव्हेंटिंग करते. म्हणजे एकाच घोड्यावर तीन परीक्षा: आधी ड्रेसाजची कवायत, मग रंगीत दांड्यांवरच्या उड्या आणि शेवटी ओंडके, चर, पाणी ओलांडत भरधाव क्रॉस-कंट्री. उन्हाळ्यात ती एकेका दिवशी तीन घोड्यांवर बसते. पिप आणि डस्टी शिकाऊ, मर्फी वरच्या वर्गातला. तिन्ही दुसऱ्यांचे. मर्फी मिसेस हॅलम या वयस्कर बाईंचा. आला तेव्हा डोक्याला हात लावू देत नव्हता, सईने सहा वर्षं खपून त्याला घडवलं. या उन्हाळ्यात तो शरदातल्या अंतिम स्पर्धेसाठी पात्र ठरला तर राहील, नाहीतर विकायचा, असं बाईंनी सांगून टाकलं होतं. त्यांचे गुडघे गेलेत, त्यांचंही काही चूक म्हणता येत नाही.

पहिला मुक्काम नॉरफक. लॉरी हळू चालते, तेव्हा नकाशा सांगेल त्याच्या दीडपट वेळ धरा. महामार्गावरच्या सर्व्हिसेसमधली कॉफी महाग आणि कडू, थर्मास न्याच. प्रेक्षकांना तिकीट नव्हतं, फक्त गाडीमागे थोडे पौंड. महिनाभर पाऊस नसल्याने मैदान विटेसारखं झालं होतं. सईने टाच रोवून पाहिली आणि मर्फीचं नाव काढून घेतलं.

"आई, त्याचे पाय खराब होईल. नाही पळवायचं."

मी मान डोलावली. संधी तीन होत्या, त्यातली एक न पळताच गेली.

श्रॉपशरचे डोंगर सुंदर आहेत म्हणे. मी तिथे तीन दिवस होते आणि मला फक्त एक निळी-पांढरी दांडी आठवते. मर्फीचा मागचा खूर तिला निसटता लागला, ती जराशी डुगडुगली आणि पडली. पात्रता एका क्रमांकाने हुकली. त्या संध्याकाळी सई मर्फीच्या पायांवर गार पाणी सोडत बसली.

ग्लॉस्टरशरला मर्फी दोन फेऱ्यांनंतर पहिला होता. मी मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटून मोकळी झाले. पिप आणि डस्टीची क्रॉस-कंट्री आधी होती. त्यांचा आणि मर्फीचा रस्ता पाण्यापर्यंत एकच, पुढे फाटा. त्यांच्या जांभळ्या पाट्या उजवीकडे, मर्फीच्या हिरव्या डावीकडे. सकाळी सई दोन्ही रस्ते चालून आली होती. डस्टीवरून उतरली तेव्हा हातात अर्धा तास होता.

"आई, मला कोर्स एकदा अजून वॉक करायची आहे. पाण्याच्या नंतरचा."

"पहाटेपासून पोटात काही नाही तुझ्या. आधी खाऊन घे."

"वेळ नाहीये."

"दोन घास खा, मग हवं तिथे जा. गरम केलंय."

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनआधी लोकांना उपाशी ठेवणं हा माझा रोजचा धंदा. पण पोटची पोर उपाशी दिसली की ती डॉक्टरीण कुठे जाते कोण जाणे. लॉरीच्या पायरीवर बसून तिने दह्याबरोबर थालीपीठ खाल्लं. मीच दुसरं वाढलं. मग मर्फीवर खोगीर चढवायची वेळ झाली.

मी पाण्यापाशी उभी होते. मर्फी कान टवकारून आला, पाणी उडवत बाहेर पडला आणि सईने त्याला उजवीकडे वळवलं. सकाळपासून दोनदा वळली होती, तशीच. जांभळ्या पाटीचा ओंडका त्याने काय देखणा ओलांडला! पुढे पंचाने हात वर केला. लाउडस्पीकरवर मर्फीचं नाव आलं आणि त्यामागोमाग, "एलिमिनेटेड."

सई त्याला चालवत परत आणत होती. तिचा चेहरा मला बघवेना.

"मीच तुला बसवून ठेवलं गं," मी म्हटलं.

"डोंट, आई. राइड मी करत होते." ती मर्फीची मान थोपटत राहिली. "त्याने काहीच चुकला नाही."

मिसेस हॅलम काठी टेकत आल्या, "हार्ड लक, डार्लिंग" म्हणाल्या आणि त्यांनाच रडू फुटलं.

सोमवारी मर्फीला न्यायला नवी स्वार आली. त्याला डाव्या कानाला हात लावलेला आवडत नाही, हे सईने तिला दोनदा सांगितलं. लॉरी वळणाआड गेल्यावर सई त्याचा रिकामा कप्पा झाडायला लागली. मी ट्रेनने स्टॅनमोरला परतले.

जायचं असेल तर जरूर जा. वेलीज म्हणजे गमबूट न्या, टोपी न्या, डबाही न्या. मला विचाराल तर मी दहा दिवसांतून फक्त अपराधीपणा घरी आणला. तो काही केल्या जात नाही. लेकीने मला माफ केलंय, आणि तेच जास्त लागतं.

परवा रविवारी सई घरी आली. मी ताट वाढलं. ती फोनवर पुढच्या स्पर्धेचा नकाशा बघत होती, बोटाने एकेक वळण पुन्हा पुन्हा गिरवत होती. पोळी निवत चालली होती. मी तिच्यावर झाकण ठेवलं. तिचं बघून होईपर्यंत समोर बसून राहिले.