डाव्या पंखाची हळद

मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात पेंटर होतो. जीप, ट्रॅक्टर, टँकर, संचालकांच्या नावाच्या पाट्या, जे समोर येईल ते रंगवायचो. हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं. दुसऱ्यानं मारलेला रंग बघितला की माझ्या कपाळावर आठी यायची. बायको म्हणायची, तुमी आभाळाला बी लांबीची पुट्टी भरायला कमी करणार न्हाय.

त्या वर्षी पाऊस दुसऱ्यांदा हुकला होता. ऊस नव्हता, म्हणून कारखान्याचा हंगामही नव्हता. आम्ही मंडळी हजेरी लावून बाभळीखाली बसायचो. अशात आमच्या चीफ इंजिनियर साहेबांनी एक ग्लायडर आणलं. इंजिन नसलेलं, दोन माणसांचं, फायबरचं विमान. लांबच्या कुठल्याशा क्लबनं जुनं झालं म्हणून काढून टाकलेलं. साहेब तरुणपणी असली विमानं उडवायचे. त्यांनी आमच्यातले, शाळेतले, पोस्टातले असे बारा सभासद जमवून सोसायटी काढली. तेव्हा आमच्याकडं दुधाची सोसायटी होती, सुताची होती, तेलबियांची होती. आता वाऱ्याची बी निघाली, असं लोक हसून म्हणायचे. येरमाळ्याच्या अलीकडं एका माळावर पत्र्याची शेड उभी राहिली आणि ट्रेलरवरून आलेलं ते धूड तिच्यात गेलं.

साहेबांनी मला बोलावलं. पंखाचा वरचा पांढरा कडक थर, त्याला ते जेलकोट म्हणायचे, उन्हानं तडकला होता. चिखल वाळल्यावर पडतात तशा रेघा, पण केसाहून बारीक. मी म्हटलं, "साहेब, दोन दिवसांचं काम. रेघांत लांबी भरतो, वर पांढरा मारतो, बाजूनं लाल पट्टा ओढतो."

"तसं चालत नाही," साहेब म्हणाले. "रेघ वर झाकली तरी आत चालत राहते. थरातून खालच्या काचेच्या धाग्यात शिरली तर पंख कमजोर होतो. तडकलेला थर घासून काढायचा, धाग्याला धक्का न लावता, आणि नवा चढवायचा. पट्टाही नको. गडद रंग ऊन पितो, फायबर मऊ पडतं."

माझ्या लाल पट्ट्याला कुणी नाही म्हणण्याची ही पहिलीच वेळ. दोन दिवस मी घुश्शात होतो. मग काम सुरू केलं आणि राग विसरलो, कारण असं काम मी आधी केलंच नव्हतं. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद, लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि पाणी सोडत घासायचं. पांढरा थर पातळ होत आला की खालचा धागा हिरवट झळकू लागतो, तिथं हात थांबला पाहिजे. तो क्षण डोळ्याआधी बोटाला कळतो. पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या तर रंगवण्याआधी आणि नंतर किराणा दुकानातल्या तराजूत तोलल्या. त्यांचं वजन वाढलं तर वर गेल्यावर पंख थरथरतो म्हणे.

अडचण पाण्याची होती. गावाला दिवसाआड टँकर, आणि मला पंख घासायला रोज दोन घागरी लागायच्या. बायकोनं तोड काढली. घासलेलं दुधासारखं पाणी ती अर्ध्या कापलेल्या पिंपात गाळून ठेवायची, सकाळी पांढरी पूड तळाशी बसलेली असायची, वरचं पाणी परत माझ्याकडं. वर आणखी, घरातली एक घागर. दीड मैल डोक्यावरून आणायची. ग्लायडर तयार झालं की प्रत्येक सभासदाला त्यातून एकेक फेरी मिळणार होती. माझी फेरी मी तिला दिली. लोकांना वाटलं, काय मोठं मन. खरं कारण असं, की शिडीच्या दहाव्या पायरीवर माझे पाय लटपटतात. तिला मात्र जायचं होतं. ती बेंबळी गावची. तिथं लहानपणी लिंबाच्या शेंड्यावर चढून बसायची, अशी तिची ख्याती.

उजव्या पंखाचा सगळा थर मी उतरवून नवा चढवला. महिना गेला. डाव्याकडं वळलो तेव्हा टँकर तीन दिवसांआड झाला होता. मी पंख उन्हात बाहेर काढला, वाकून वाकून बघितला. रेघ दिसली नाही. नुसत्या पेस्टनं घासून चकाकी आणली. तो असा उजळला की माझी नजरच ठरेना, आणि मला ते बरंच वाटलं. साहेबांनी विचारलं, "डावा?"

"चांगला आहे," मी सांगितलं. बायकोलाही तेच सांगितलं. वरून मेणाचा हात तेवढा राहिला होता. दसऱ्याला सकाळी पहिलं उड्डाण ठरलं. साहेब आणि मागच्या सीटवर माझी बायको.

आदल्या दिवशी खंडेनवमी. वर्कशॉपात आम्ही पाने, हातोडे, स्प्रे गन मांडून पूजा करायचो, तशीच शेडमध्येही करायची ठरली होती. मंडळी नारळ आणायला गेली होती. तेवढ्यात बायकोनं पाण्यात हळद कालवून दोन्ही पंखांवर पाच पाच बोटं ओढली आणि वर कुंकू लावलं. मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं. पांढऱ्यावर हळद! ओलं फडकं घेऊन धावलो. उजवा पंख पुसला, स्वच्छ निघाला. डावा पुसला. बोटं गेली, पण त्यांच्या जागी पिवळ्या रेघा राहिल्या. केसाएवढ्या, एकमेकींना फाटे फुटलेल्या.

"खराब केलास पंख," मी म्हणालो.

ती जवळ आली, वाकून बघत राहिली. "अवं, हळद तर दोन्हीला एकच व्हती. त्या पंखाची निघाली, मग ह्याचीच का राहिली?"

मी फडकं पिळून त्याच रेघांवरून पुन्हा घासलं.

"तुमी तर म्हनला व्हता, चांगला हाय."

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. खरं सांगतो, मनात आलं की मेण घासलं तर झाकेल. इतकी वर्षं पंख तसाच होता, एका दिवसानं काय होणार? जीपचं बॉनेट असतं तर मी तेच केलं असतं आणि रात्री जेवून झोपलो असतो. पण उद्या त्या पंखाशेजारी ती बसणार होती, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मला माझीच लाज वाटली. तशी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

मंडळी आल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं. डावा पंख मी घासलाच नाही, नुसता चमकवला, आणि चांगला आहे म्हणून सांगितलं. साहेब बराच वेळ त्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. वाटलं, आता चारचौघांत माझी खरडपट्टी निघते. ते बायकोकडं वळून म्हणाले, "वहिनी, घरात आणखी हळद आहे का?"

डबाभर हळद पाण्यात कालवून पूर्ण डावा पंख माखला आणि पुसला. तडांत शिरलेली हळद तेवढी राहिली, आणि माझ्या डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते सगळं वर आलं. पंख धडाला जोडतो त्या मुळाकडं तर रेघांचं जाळंच होतं. दसऱ्याला उड्डाण बघायला माणसं जमली, त्यांना पिवळा पंख बघायला मिळाला. नवरदेवाला हळद लागली, लगीन कवा, असं जो तो विचारून गेला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पाण्याचा प्रश्न होताच. मग शेडमध्येच सोसायटीची सभा भरली. ठराव असा झाला, की डावा पंख पूर्ण होईपर्यंत सभासदांनी पाळीपाळीनं आपापल्या घरच्या पाण्यातून रोज एक घागर आणावी. सूचक पोस्टमास्तर, अनुमोदक शाळेचे हेडमास्तर, सर्वानुमते मंजूर. माणसं सायकलच्या कॅरियरला घागरी बांधून माळावर यायची आणि जराही न कुरकुरता माझ्याजवळ ठेवायची. कुरकुरली असती तर बरं वाटलं असतं. त्या पाण्याचा एक थेंब मी वाया घालवला नाही.

मुळाजवळ दोन ठिकाणी रेघ धाग्यात शिरलेली निघाली. साहेबांनी स्वतः तिथं काचेच्या धाग्याचं नवं कापड बसवलं. मी थर चढवला, घासला, पुन्हा चढवला, पुन्हा घासला. वरून हात फिरवला की आपलाच गाल दाढी केल्यावर लागावा तसा लागत होता. पण यावेळी चांगला आहे असं म्हणण्याआधी मी हळदीचं पाणी लावून पुसलं. तीन वेळा.

दिवाळी होऊन गेल्यावर ग्लायडर निघालं. जुन्या ट्रकच्या इंजिनानं लांब तार गुंडाळत ते ओढलं, आणि साहेबांना नि बायकोला घेऊन ते माळावरून वर उठलं. मी डोळे मिटून घेतले होते, ते लोकांनी सांगितल्यावर उघडले. वर काही आवाज नव्हता. पाच-सात मिनिटांनी ते उतरलं, आणि बायको पदर सावरत बाहेर आली.

"येरमाळ्याच्या येडेश्वरीचं देऊळ दिसलं का?" मी विचारलं.

"न्हाय."

"हायवे? गाव?"

"म्या खाली बघितलंच न्हाय. वर गेल्यापासनं उतरस्तवर डाव्या पंखाकडं बघत व्हते."

मला लागलं ते. म्हणालो, "एवढं भ्या वाटत व्हतं तर बसलीस कशाला?"

"तुमी म्हनला न्हवं, चांगला हाय. म्हनून बसले."

"मग बघत कशाला व्हतीस?"

"आता बघायला काय जातंय," ती म्हणाली, आणि पंखाच्या कडेवर बसलेली धूळ तिनं पदरानं पुसली.