सहा डबे आणि आईची तयारी

माझ्या आईला मारायचा माझा मुळीच विचार नव्हता. मला फक्त तिचे डबे चोरायचे होते.

झालं असं, की कारेगावात एका रिकाम्या गाळ्यात काही शिक्षकांनी धान्य बँक काढली. कंपनीनं ब्रेक दिलेले कंत्राटी कामगार, दुसरं काम लागेपर्यंत ज्यांची चूल पेटायची पंचाईत, त्यांना तिथून डाळ-तांदूळ आणि लागणारी भांडीकुंडी मिळायची. मी मोठ्या उत्साहानं आमचा बंद पडलेला मिक्सर, कान तुटलेली कढई आणि किडे पडलेली मटकी घेऊन गेलो. टेबलाशी बसलेल्या बाईंनी मटकीत हात घातला, किड्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"दादा, दान करायला आलाय का घर आवरायला?"

(मागं रांगेत चार माणसं होती. चौघंही हसली.)

अपमान फार झोंबला. आता द्यायचं तर घरातलं उत्तमात उत्तम, असं मी ठरवलं. आमच्या घरात उत्तम म्हणजे माळ्यावरचे सहा स्टीलचे डबे. एकात एक बसणारे, माझ्या लग्नात मामानं दिलेले, आणि बावीस वर्षांत एकदाही न वापरलेले. आईचं म्हणणं, "भांडं वापरलं की झिजतं." (माणसांच्या बाबतीत तिला ही काळजी कधी वाटली नाही.) ती देवळात गेली तशी मी डबे उतरवले, त्यात डाळ, तांदूळ, गूळ, शेंगदाणे भरले आणि देऊन आलो. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. गुप्तदान म्हणजे गुप्तदान! बाईंनी या खेपेला हात जोडले आणि म्हणाल्या, "कुणी दिलं, कुणाकडं गेलं, आम्ही कुणालाच सांगत नाही."

आठवडा बरा गेला. मग एका सकाळी, नुकतं फटफटत असताना, आई अंगणात गेली आणि परत आली ती भिंत धरूनच.

"इलास, माळ्यावरला डबा खाली आलाय."

मी बाहेर गेलो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, रोज पहाटे ओट्यावर जिथं बसायचे, नेमक्या त्या जागी सहातला सगळ्यात लहान डबा होता. घासून लख्ख केलेला. आत मूठभर साखर. आबांना उठल्या उठल्या साखरेची चिमूट तोंडात टाकायची सवय होती, आणि आबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"वाघ्या भुकला न्हाई?" मी विचारलं. आमचा वाघ्या पोस्टमनवर भुंकतो, गॅसवाल्यावर भुंकतो, माझ्या मेहुण्यावर तर तो निघून गेल्यावरही भुंकतो.

"न्हाई. शेपूट हालवीत बसलाय. घरच्या माणसाम्होरं हालवतो तसा."

आईला वाटत होतं, डबा माळ्यावरून उतरला. मला ठाऊक होतं की तो कारेगावहून आलाय. जिथं माझं नाव कुणी विचारलं नाही, तोंड कुणी पाहिलं नाही, तिथून तो बरोबर माझ्या ओट्यावर आलाय. दोघांत जास्त कोण घाबरलं, हे सांगायला नको. खरं बोलावं तर आई जित्तं सोडणार नाही, म्हणून मी गप्प बसलो. माळ्यावर चढून बघायची हिंमत बाकी कुणाला झाली नाही.

दोन दिवसांनी दुसरा डबा आला. पहिल्याहून मोठा. आत तपकिरी, कडक, पानासारखी नक्षी उमटवलेल्या चकत्या. आमच्या सात पिढ्यांत असलं कुणी केलं नव्हतं. तिसरा त्याहून मोठा, आणि त्यात काळ्या तेलात बुडालेलं लिंबू आणि मिरच्या. सुनंदानं, माझ्या बायकोनं, तो चिमट्यानं धरून ओढ्यात रिकामा केला आणि घरभर गोमूत्र शिंपडलं. पहाऱ्याला बसायचं असं मी रोज रात्री ठरवायचो आणि रोज पहाटे गोधडी डोक्यावरून घ्यायचो.

चौथ्या डब्यात राख होती.

पिवळसर, मऊ, बोटाला चिकटणारी. आईनं डब्याचं झाकण हळूच लावलं. मग शांतपणे म्हणाली, "माझीच हाय. म्होरं धाडलीया."

"कायबी बोलू नगं, आई."

"त्यांनी माळ्यावरनं एकेक डबा उतरवलाय, इलास. सहावा आला की मी निघाले."

त्याच दुपारी तिनं कपाटाच्या किल्ल्या सुनंदाकडं दिल्या आणि दौंडच्या मावशीला फोन लावला. मावशी दुसऱ्या दिवशी हजर. तिची बॅग मला एका हातानं उचलेना. तेराव्यापर्यंतचे कपडे घेऊन आली होती.

आता तरी तोंड उघडायला हवं होतं. पण इथंच माझी नियत फिरली. त्याचं कारण असं, की आई माझ्याशी गोड बोलायला लागली होती. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा! संध्याकाळी जवळ बसवून घ्यायची, पाठीवरून हात फिरवायची. "लई गुणाचा हायेस तू. तुला कवा बोलून दाखवलं न्हाई मी." मी पन्नाशीला आलेला माणूस, टमाट्याचं पीक काढणारा, सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडलेला. मला कोण गुणाचा म्हणतंय? मी मनाशी म्हणायचो, आज एवढं ऐकून घेऊ, खरं उद्या सांगू. तिकडं आईचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं आणि ते मला दिसत होतं. तरी मी उद्यावर ढकलत राहिलो. याची लाज मला आजही वाटते.

पाचव्या डब्यात एक छोटी तांब्याची लोटी निघाली, तोंड लाखेनं बंद केलेली. मावशीनं उन्हात धरून वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. गंगाजल होतं.

त्या दिवशी आई जेवलीच नाही. पाणीसुद्धा घोटभर. हात धरला तर बर्फासारखा गार. ती हळूच म्हणाली, "सहाव्याला तू माझ्याजवळ ऱ्हा." मग मात्र माझी भीती बदलली. आबांची वाटत होती ती गेली आणि आईच्या जिवाची वाटायला लागली.

पुढच्या पहाटेपासून मी कडब्याच्या गंजीआड बसलो. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी धुक्यातून एक उंच आकृती आली, पावलांचा आवाज न करता. वाघ्या उठला आणि शेपूट हलवत तिच्यामागं चालू लागला. आकृती ओट्याशी वाकली. मी आबांचं नाव घेऊन किंचाळलो आणि तिच्या अंगावर पडलो.

"अरे भैया, हम हैं! सिक्युरिटी!"

निळा गणवेश, पायात कापडी बूट, एका हातात सगळ्यात मोठा डबा, दुसऱ्यात वाघ्यासाठी बिस्कीट. बिहारचा माणूस. कंपनीतली रात्रपाळी सहाला सुटायची आणि आमच्या वस्तीवरूनच तो चाळीकडं जायचा. सहाही डबे त्याच चाळीतल्या सहा खोल्यांत गेले होते. लहान डब्यातलं आधी संपलं म्हणून तो आधी आला.

"पण माझं घर कसं सापडलं?"

त्यानं डबा उलटा केला. बुडाशी मामानं नाव घातलं होतं, 'चि. विलास यास मामाकडून', खाली वस्ती आणि गावसुद्धा. घरातल्या भांड्यावरचं नाव कोण वाचतं? बावीस वर्षांत मी वाचलं नव्हतं.

"नाम लिखा है, मतलब किसी के घर का है। हम कैसे रख लें? और खाली बर्तन तो लौटाते नहीं।" मग जरा संकोचून म्हणाला, "निंबू का अचार कैसा लगा? मेरी घरवाली ने बनाया था। और पत्तेवाला मीठा ठेकुआ, सत्तू यानी भुने चने का आटा, गाँव से आया गंगाजल?"

आईची राख म्हणजे हरभऱ्याचं पीठ होतं तर! ओढ्याच्या दिशेनं न बघता मी म्हणालो, "बढ़िया."

तोवर आई, मावशी, सुनंदा दारात आल्या होत्या. आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं सहावा डबा उघडला. सुंठीचे लाडू होते. चाळीत एक पोरगी बाळंत झाली होती, आमच्याच गुळाचे केले होते. आईनं एक लाडू सावकाश खाल्ला. दोन दिवसांतला तिचा पहिला घास. त्या माणसाला चहा पाजला, रिकाम्या डब्यांत पुन्हा डाळ-तांदूळ भरून दिले, वर स्वतः म्हणाली, "ये डबे अब तुमारेच." तो गेल्यावर माझ्याकडं वळली.

"मंजी मी मरायला टेकले, आन् तुला समदं ठावं व्हतं?"

"डबे दिलेले ठावं व्हते," मी म्हणालो. "पर तू लई चांगलं बोलत व्हतीस गं."

तिनं पदराला लागलेला लाडवाचा भुगा झटकला. मग म्हणाली, "मंग जित्या आईला इचारायचं व्हतं की, आई, मी कसा हाय म्हून. त्यापायी मला मारायला कशाला निघालास?"

बोलणं खरं होतं, मनाला लागलं. त्याच संध्याकाळी ती शेंगा फोडत बसली असताना मी जवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "आई, मी कसा हाय?"

तिनं अर्धा तास सांगितलं, त्यात 'गुणाचा' हा शब्द एकदाही आला नाही. मधे पाणी प्यायला थांबली, तेवढा वेळ मावशीनं चालू ठेवलं.