मांडीवर माती घेतलेला मास्तर

मांजरसुंब्याला केजची जीप भरायची वाट बघत बसलो होतो. शेजारचा चष्मेवाला मातीच्या पिशव्या मांडीवर लेकरागत घेऊन बसलेला. कुणी चढून जीप हलली की पिशव्या थोपटायचा.

"माती कावून नेता वो? तुमच्याकडं न्हाई का?"

तो हसला. विद्यापीठात माती तपासायचा म्हणे. "काका, सरकार तपासणीला पैसे देतं. पण प्रयोगशाळेची वीज, पाणी, झाडलोट? तो खर्च संशोधनाचा नाही म्हणतं. विद्यापीठाला सांगतं, आता आपापलं कमवा. पुढच्या महिन्यात आमच्या खोलीला कुलूप."

मी म्हणलं, "माझी म्हातारी दिवाळीत गेली. शेत मी पिकवायचो, घर ती बघायची. तिचं काम कुणी कामात धरलंच न्हाई. आता कणगी भरलेली हाय आन् मी उपाशी. सरकारला सांगा, बायको मेल्यावर कळतं."

तो इतका हसला की त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. "विद्यापीठात येऊन हे सायबांना सांगाल?"

"येतो की. जीपचं भाडं?"

"तेही मंजूर नाही, काका."

लई दिवसांनी मी पोट धरून हसलो. केजला उतरताना दोघांचं भाडं त्यानंच दिलं.